गुळव्याची खुर्ची

लग्नपत्रिका खालून वर वाचायची सवय मला सांगवी गावाने लावली. वधूवरांची नावं, मुहूर्त, कार्यालय हे सगळं नंतर. आधी तळाशी ‘आपले नम्र’च्या रांगेत नावापुढच्या कंसात काय छापलंय ते बघायचं. घरातल्या ट्रंकेत अशा पत्रिकांचा गठ्ठा आहे. जुन्या पत्रिकांत कंसात ‘शेतकी अधिकारी’, ‘चीफ केमिस्ट’, ‘चीफ इंजिनिअर’ दिसतं आणि पुढे साखर कारखान्याचं नाव. अलीकडच्यांत ‘प्लांट हेड’, ‘जी. एम. ऑपरेशन्स’, एकीत तर ‘व्हाइस प्रेसिडेंट, मॅन्युफॅक्चरिंग’. मांडवात स्वागताची नावं पुकारणारा त्या शेवटच्या कंसापाशी अडखळला होता, आणि शेजारी बसलेल्या आबांनी मला विचारलं होतं, “मंजी करतो काय ह्यो?”

“कंपनी चालवतो, आबा.”

“मालक हाय?”

“नाय. चालवतो.”

आबांचं समाधान झालं नाही, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. शेत ज्याचं तो कसतो, दुकान ज्याचं तो गल्ल्यावर बसतो. वाटेकरी आणि सालगडी होते, पण वाटेकऱ्याला वाटा असतो आणि सालगड्याला जबाबदारी नसते. वाटा नाही आणि जबाबदारी मात्र सगळी, असं काम आमच्या भागात आलं कुठून? त्याचा माग काढत गेलो तर वाट कुठल्या कॉलेजात किंवा कंपनीत निघाली नाही. ती निघाली चुलवणापाशी.

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागलं की नीरेच्या अलीकडच्या काठाला सांगवी. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ होऊन गेल्यावर इंग्रज सरकारने भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा काढला आणि बारामती-इंदापूरच्या जिरायतात ऊस आला. सासवडकडचे माळी शेतकरी खंडाने जमिनी घेऊन कालव्याखाली ऊस करायला उतरले. साखर कारखाने अजून लांब होते, त्यामुळे ऊस म्हणजे गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळ म्हणजे गुळव्या. चरकावर बैल हाकणारा वेगळा, रस आणून ओतणारा वेगळा, चुलवणात चिपाड सारणारा जाळव्या वेगळा. गुळव्या या सगळ्यांच्या वर, आणि मालकाच्या खाली. निदान कागदावर खाली.

त्याचं काम जवळून पाहिलेले लोक आता थोडेच उरलेत. कढईत रस तापू लागला की वर मळी धरते. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी टाकायचं, म्हणजे उरलेला गाळही वर येतो, आणि झाऱ्याने तो काढत राहायचं. रस आटतो, तांबूस होतो, बुडबुड्यांचा आवाज जड होतो. इथून पुढे गुळव्या कढईजवळून हलत नाही. थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा आणि दोन बोटांनी चाचपायचा. मऊ लागला, थांबला. पुन्हा थेंब. पुन्हा थांबला. पाण्यात घट्ट गोळी वळली की ताव आला. तोंडाने काही बोलत नाही; जाळव्याकडे नुसता हात करतो, जाळ ओढला जातो, कढई उतरते, पाक वाफ्यात. चार क्षण उशीर झाला तर गूळ काळा पडतो. चार क्षण आधी उतरवला तर ढेप ढिली राहते आणि पावसाळ्यात पाझरते. बारामतीच्या पेठेत व्यापारी ढेपेचा रंग बघून भाव बोलतो आणि तो भाव शेतकऱ्याला वर्षभर पुरवायचा असतो.

माल कसा झाला, जळण किती गेलं, दिवसात किती आधणं उतरली, कुणाचा हात भाजला का, या सगळ्याचं उत्तर त्या एका माणसाकडे. गुऱ्हाळ त्याचं नव्हतं, पण ताव आला की नाही यावर मालकाचंही चालत नसे. आबा ज्याला ‘चालवतो’ म्हणायला तयार नव्हते, तो हाच.

आता एक आडवळण घेतो, कारण ‘कारखाना’ म्हटलं की कुणीतरी शिवकालाची आठवण काढणारच. अठरा कारखाने आणि बारा महाल हे शिवाजीमहाराजांच्या कारभारातलं प्रसिद्ध जोडनाव, आणि गडावर हवालदार, सबनीस यांच्याबरोबर तिसरा अधिकारी कारखानीस. आडनावात तो अजून जिवंत आहे. पण कारखानीस धान्य, दारूगोळा, साठा, डागडुजी सांभाळायचा; त्याच्याकडे कोठाराच्या किल्ल्या होत्या. स्टोअर्स आणि मेंटेनन्सच्या साहेबांनी त्याला पूर्वज मानायला माझी हरकत नाही. ताव बघणारा माणूस मात्र तो नव्हे.

गुळव्याचं राज्य मोडलं ते १९३० नंतर. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर साखर कारखान्यांचं पीक आलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार घेऊन कंत्राटदारीत मोठे झालेले, त्यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर कारखाना उभा केला. गावच वालचंदनगर झालं. नीरेच्या पलीकडे अकलूजजवळ सासवडच्या त्याच माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये स्वतःची कंपनी काढली, ते माळीनगर. गुऱ्हाळवाले कारखानदार झाले. मग गुळव्याचं काय झालं?

त्याचे तुकडे झाले. रस काढणं मिल हाऊसकडे गेलं, म्हणजे इंजिनिअरकडे. मळी काढणं चुना आणि गंधकाच्या धुरावर गेलं, म्हणजे केमिस्टकडे. जाळ बॉयलरकडे गेला. तिथे १९२३ चा बॉयलर कायदा आणि सर्टिफिकेट असलेला अटेंडंट. बोटांची जागा लॅबोरेटरीतल्या नळीने घेतली. आणि ताव पॅनवर गेला. हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॅक्यूम पॅन काढला, त्यात हवा काढून घेतल्यामुळे रस कमी उष्णतेवर उकळतो आणि जळत नाही. तिथला पॅनमन मी कितीतरी वेळा बघत उभा राहिलोय. नळीतून पाकाचा नमुना काचेच्या पट्टीवर घेतो, दिव्यासमोर धरतो, दोन बोटांनी पसरून रव्याचा आकार बघतो. मापकं समोर भिंतीवर लागलेली असतात, तरी नजर काचेवर. खाकी कपड्यातला गुळव्याच. फरक एवढाच की त्याच्या हातात फक्त शेवटचा ताव उरला. बॉयलरची वाफ पडली तर त्याने हात करून काही होत नाही.

माझ्या मते या खुर्चीचा जन्म इथे झाला. यंत्र आलं म्हणून साहेब आला असं नाही. एका माणसाच्या बोटांत होतं ते सहा खात्यांत वाटलं गेलं, आणि मिल, वाफ, चुना, पॅन यांचा मेळ घालून ‘आता उतरवा’ म्हणणारा कुणीतरी परत लागला. मोडलेला गुळव्या पुन्हा जोडायला जो नेमावा लागला त्याला आधी वर्क्स मॅनेजर म्हणाले, मग जनरल मॅनेजर, मग बरंच काही. गंमत म्हणजे अमेरिकेत फ्रेडरिक टेलर १९०३ मध्ये उलटं सांगत होता: एका फोरमनकडे सगळं नको, त्याच्या कामाचे आठ तुकडे करून आठ फोरमन नेमा. आठ नेमले तर नवव्याची गरज पडते, हे कुठल्याही लग्नघरातल्या बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पण ही माणसं आयती मिळत नव्हती. मुंबईत कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली तेव्हा यंत्रांबरोबर मॅनेजरही लँकेशायरहून आले. त्यांच्या हाताखाली स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर, खाली जॉबर आणि मुकादम. वरती मॅनेजिंग एजंट, ज्यांना सुरुवातीच्या काळात नफ्यावर नव्हे, उत्पादनावर कमिशन असे: पौंडामागे पाव आणा. मग माल खपो न खपो, चात्या फिरत्या ठेवा, हाच मॅनेजरला हुकूम. उत्पादनाच्या आकड्याचा जो हव्यास या पेशात आजही दिसतो त्याचं मूळ मला त्या पाव आण्यात दिसतं.

देशी माणसाला वरची पायरी मिळायची नाही, ही दुसरी गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते; त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याच साहेबाला मिळाली, म्हणून ते बेळगावला निघून आले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे यांनी कारखाना चालवला. व्यवस्थापनाची पदवी कुणाकडेच नव्हती. नांगराचा फाळ शेतात मोडून परत आला की काय चुकलं ते बघायचं, हेच त्यांचं शिक्षण. वालचंदनगरचंही तसंच. साखर कारखान्याच्या दुरुस्तीसाठी म्हणून जे वर्कशॉप होतं, त्यातून पुढे साखर कारखान्यांचीच यंत्रं बनू लागली, आणि काही दशकांनी इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरची आवरणं. उसाच्या फडाशेजारी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने या खुर्चीला नाव दिलं. भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा ज्याचा तो, वेगळा; व्यवस्थापक वेगळा. कारखाना सुरू करण्याआधी व्यवस्थापकाचं नाव निरीक्षकाला कळवायचं. तो बदलला तर नव्याने सूत्रं घेतल्यापासून ७ दिवसांत कळवायचं. आणि पुढचं कलम वाचताना मला नेहमी हसू येतं: कुणाचंच नाव दिलेलं नसेल तर जो व्यवस्थापकासारखा वागताना सापडेल तोच व्यवस्थापक. माणूस चिरडला, हात गेला, तर खटला या दोघांवर. मालकी नाही आणि गुन्हा मात्र नावावर, या आबांच्या कोड्याला असा कायद्याचा शिक्का बसला.

याच कायद्याने अर्ध्या माणसांसाठी मात्र शिडी काढून घेतली, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बाईला कारखान्यात कामावर ठेवायचं नाही असं कलम होतं. हेतू संरक्षणाचा. पण साखर कारखाना चालतो चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. रात्रपाळीचा शिफ्ट इंजिनिअर झाल्याशिवाय डेप्युटी चीफ होता येत नाही आणि डेप्युटी झाल्याशिवाय चीफ. १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, टेल्कोत इंजिनिअर म्हणून लागल्या त्या ‘महिलांनी अर्ज करू नये’ या जाहिरातीबद्दल जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून. माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही कंसाआधी बाईचं नाव नाही.

१९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं, आणि त्यानंतर आमच्याकडे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर. सांगवीचा ऊस माळेगावला. आणि आता या खुर्चीपुढे असा मालक येऊन उभा राहिला, जो जगात फार कमी मॅनेजरांच्या वाट्याला आला असेल. तो हजारोंच्या संख्येने होता, धोतर नेसून ट्रॅक्टरवर बसून रोज वजनकाट्यावर येत होता आणि त्याला आकडे कळत होते.

आकडा म्हणजे उतारा. १०० किलो उसातून किती किलो साखर पडली. बारामतीच्या चहाच्या टपरीवर शेअर बाजार कुणी विचारत नाही, ‘आज उतारा किती?’ विचारतात. कारण उसाचा भाव त्यालाच बांधलेला. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. समजा कारखाना दिवसाला ५,००० टन गाळतो. मिलच्या रोलरची खाच झिजली, चिपाडात रस राहून गेला आणि उतारा ०.१ ने उतरला, तर दिवसाला ५० क्विंटल साखर गेली. १२० दिवसांच्या हंगामात ६,००० क्विंटल. चीफ इंजिनिअरला हा हिशेब तोंडपाठ असतो, आणि दुर्दैवाने त्याच्या समोरच्या शेतकऱ्यालाही.

वार्षिक अहवालात एक तक्ता असतो: उसाअभावी बंद इतके तास, मेकॅनिकल बंद इतके तास, इलेक्ट्रिकल इतके, प्रोसेस इतके. सर्वसाधारण सभेत अध्यक्षांच्या भाषणाला टाळ्या वाजतात; पण मागच्या रांगेतला एखादा उठतो आणि विचारतो, जानेवारीत मेकॅनिकल बंद एवढं का? माझ्या बैलगाडीला तेव्हा दोन रात्री यार्डात काढाव्या लागल्या, ऊस वाळला, त्याचं काय? कुठल्याही बहुराष्ट्रीय कंपनीच्या संचालक मंडळापुढे याहून अवघड प्रश्न विचारला जात असेल असं मला वाटत नाही. तिथे निदान प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाला पाचटाचा वास येत नाही.

या खुर्चीची शिडी दोन बाजूंनी चढायची. इंजिनिअरिंगकडून आलेला बीओईची, म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची, परीक्षा पास होऊन. बॉयलर ज्याच्या सहीने चालतो त्याला भाव. प्रोसेसकडून आलेला लॅब केमिस्ट, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, डेप्युटी, चीफ असा. १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तोवर साखरेचं वरचं शिक्षण म्हणजे कानपूर. मांजरीमुळे आमच्या भागातल्या पोराला घरच्या भाकरीवर एव्हीएसआय, म्हणजे या इन्स्टिट्यूटचा असोसिएट, होता आलं. सगळ्यात वर कार्यकारी संचालक, बोलीत एम. डी. साहेब. त्यासाठी सरकारची नामिका आहे, परीक्षा आहे. पण मी पाहिलेल्या खुर्च्यांत सगळ्यात अस्थिर खुर्ची हीच. मंडळ बदललं की साहेबाचं सामान टेम्पोत. चीफ इंजिनिअर मात्र सहसा राहतो, कारण कुठला व्हॉल्व्ह कुठे अडकतो हे नव्या मंडळाला ठाऊक नसतं.

तिसरी पिढी एमआयडीसीची, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींची. महामंडळ १९६२ चं. १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सी कायद्याने बंद झाली आणि घराण्याबाहेरच्या माणसाला वरपर्यंत वाट मोकळी झाली. बारामतीत नव्वदीच्या अखेरीस इटलीच्या पियाजिओची तीनचाकी आपे बनू लागली, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर. भारत फोर्ज आलं, चॉकलेटं बनवणारं फेरेरो आलं. सांगवीचा आयटीआय झालेला पोरगा पहाटे मोटरसायकलवर त्या दिशेने जातो आणि घरी जपानी शब्द घेऊन येतो: कायझेन, गेंबा, पोका योके. गेंबा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. साहेबाने रोज तिथे जाऊन उभं राहावं, हा टोयोटाचा मोठा धडा. मला पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा विनोद वाटला होता. कढईपासून न हलणाऱ्या माणसाच्या गावात हे शिकवायला इतक्या लांबून यावं लागलं!

विनोद सोडला तर प्लांट हेडची अडचण खरी आहे. त्याच्या सकाळच्या मीटिंगच्या बोर्डावर क्वालिटी, कॉस्ट, डिलिव्हरी, सेफ्टी, मोराल असे पाच रकाने असतात, लाल-हिरवे. मालक मिलानला किंवा मुंबईला. वजनकाट्यावर येऊन कुणी शिव्या देत नाही. त्याऐवजी तिमाहीला एक कॉल येतो. पगार चीफ इंजिनिअरच्या कितीतरी पट, गाडी मोठी, आणि चार वर्षांत बदली चाकणला नाहीतर साणंदला. गावाला त्याचं नाव माहीत नसतं. माझं मत विचाराल तर या दोन खुर्च्यांत अवघड खुर्ची साखरेची होती. प्लांट हेडला आकडे सांभाळावे लागतात. चीफ इंजिनिअरला आकडे आणि त्याच आकड्यांचे सोयरे, दोन्ही.

एक रकाना त्या बोर्डावर मला अजून दिसलेला नाही. नीरेचं पाणी सांगवीपाशी काळं पडतं, फेसाळतं, मासे मरून काठाला लागतात, हे इथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येतंय. नदीला जे सोडलं जातं ते कुणाच्या तरी गेंबावरून निघतं आणि कुणाच्या तरी सहीने. १९४८ च्या कलमाप्रमाणे पाहिलं तर ‘व्यवस्थापकासारखा वागताना सापडेल तो’ इथेही शोधता यायला हवा.

गुळव्या अजून आहे. दौंडच्या बाजूला, केडगावकडे गुऱ्हाळं चालू आहेत, आणि तिथे कढईवर आता बरेचदा उत्तर प्रदेशातून आलेला माणूस उभा असतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, दोन बोटांनी चाचपतो, जाळव्याला हात करतो. ट्रंकेतला गठ्ठा मी पुन्हा एकदा चाळला. ‘गुळव्या’ असा कंस एकाही पत्रिकेत छापलेला नाही.